खोकायचं तरी विचारून

शेजारच्या बलाढ्य देशाचं सैन्य अखेर गाव सोडून गेलं. मुळात ते आलंच नव्हतं, असं आता त्यांच्याकडे सांगतात. मोठ्यांचा शब्द कशाला मोडा? तेव्हा जे आलंच नाही त्याचं पुढे काय झालं, एवढंच इथे सांगायचं.

या न आलेल्या सैन्याच्या कर्नलने एका शिवणवाल्या मावशींची रस्त्याकडची खोली ताब्यात घेतली. मावशींचं दुकान तेच आणि पोटही त्यावरच. कापड बेतायच्या टेबलावर नकाशे पसरले, शिलाई मशीन अंगणात गेलं. पहिल्याच संध्याकाळी मावशींच्या भावाने वाऱ्याने आपटणारी खिडकी लावली. शिपायांना तो कुणाला तरी केलेला इशारा वाटला. भावाला कोंडलं आणि हुकूम निघाला: परवानगीशिवाय कोणी काहीही करायचं नाही.

मावशी मूळच्या भित्र्या. सकाळी त्या दारात उभ्या.

"साहेब, दूध तापवू का?"

"तापवा."

"उतू चाललंय. उतरवू?"

"मावशी, हे काय विचारायचं?"

"नुसती खिडकी लावली तर भाऊ आत गेला, साहेब. दूध म्हणजे केवढं मोठं प्रकरण."

गल्लीने हे ऐकलं. गल्लीही भित्रीच निघाली. न्हावी अर्धी दाढी करून गिऱ्हाइकासकट रांगेत आला. उरलेला गाल करू का, म्हणून. एका आजोबांना खोकला येईलसं वाटत होतं, ते आधीच येऊन बसले. मावशींची मांजर न विचारता व्याली, तेव्हा मावशींनी टोपलीच हजर केली.

"पहिलीच वेळ आहे तिची. समज देऊन सोडा."

कर्नलने मांजरीला समज दिली.

'हो' म्हणायला माणसं कमी पडू लागली. पुलावरचे पहारेकरी बोलावले, मग तोफांवरचे. हो म्हणता म्हणता त्यांच्या तोंडाला फेस आला. हुकूम मागे घ्यावा तर देशाची अब्रू जाते. एवढ्याशा गावाला एवढी फौज कशाला, असं राजधानीने विचारलं. शत्रू चिवट आहे, असं कर्नलने कळवलं.

शेवटी राजधानीच थकली. भाऊ सुटला, फौज निघाली. मावशींनी विचारलं, "मशीन आत घेऊ का, साहेब?"

कर्नलने मशीनचं एक टोक स्वतः धरलं.

वर्षभराने मावशींना टपालाने अर्ज आला.

'महोदया, मी निवृत्त होऊन घरी आहे. इथे मला कोणी काहीही विचारत नाही. परवा भिंतींना रंगसुद्धा परस्पर देण्यात आला. तरी आपली रस्त्याकडची खोली मला भाड्याने मिळावी. मशीन हलवण्याची आवश्यकता नाही. योग्य ती परवानगी देण्यात यावी, ही नम्र विनंती.'