परातीतली विहीर

कचेरीतल्या आनंदरावांचं मासिक रुपरावांनी वाचायला म्हणून घरी मागून नेलं, एवढंच झालं. त्यात मानसशास्त्राच्या कोणा प्राध्यापकांचा लेख होता. माणूस बोलताना, विचार करताना नकळत ज्या रेघोट्या ओढतो, त्यांवरून त्याचं मन वाचता येतं म्हणे. चौकोन काढणारा हिशेबी, बाण काढणारा महत्त्वाकांक्षी, फुलं काढणारा प्रेमळ. रुपराव फायलींच्या कडेला बैल काढत. बैलाबद्दल प्राध्यापकांनी काहीच लिहिलं नव्हतं (न लिहूनही रुपरावांना ते कळलं). शेवटी मात्र एक इशारा होता. गोल आणि त्यात उतरणारी रेघ म्हणजे विहीर. ही आकृती पुन्हा पुन्हा काढणाऱ्याला घरच्यांनी एकटं सोडू नये.

त्या संध्याकाळी त्यांची बायको देवकी ओसरीवर परातीत तांदूळ निवडत बसली होती. रुपरावांचं सहज लक्ष गेलं. तिचं बोट तांदळात गोल फिरलं आणि मधून एक रेघ ओढून थांबलं. तिनं परात हलवली. पुन्हा गोल, पुन्हा रेघ. रुपरावांच्या तोंडातली सुपारी तशीच राहिली.

जुनी शुक्रवारी वस्तीतल्या त्या घराच्या अंगणात खरोखरीची विहीर होती. आणि देवकीनं जीव रमवावा असं घरात काही उरलं नव्हतं. एकुलती एक पोर तापानं गेली, त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून नवराबायकोत बोलणं व्हायचं ते मीठ, दूध आणि धोबी यांच्यापुरतं. संसार शांततेत चाललाय, असं रुपराव समजत आले होते. ती शांतता आज पहिल्यांदा त्यांच्या अंगावर आली.

सरळ विचारावं, तर तशी त्या घरात रीत नव्हती. म्हणून त्यांनी बंदोबस्त केला. सकाळी पोटदुखीची रजा टाकली. विहिरीवर जुना दरवाजा आडवा घालून त्यावर वाटायचा पाटा ठेवला. दोर गादीखाली गेला, विळी माळ्यावर गेली, राकेलचा डबा शेजारच्या जिजाबाईंकडे गेला. उंदराचं औषध त्यांनी स्वतःच्या खिशात घेतलं.

"पाणी कशानं काढू जी?" देवकीनं विचारलं.

"चौकातल्या नळाचं आणून देतो ना मी."

"अन् इस्टो कशानं पेटवू?"

"पेटवतं कायले? आज दहीपोहे खाऊ."

ती अंगणात गेली की हे मागे. ती संडासात गेली की हे बाहेर उभे, आणि आतून हूं की चूं आलं नाही की खाकरत. जिजाबाईंनी हे सगळं पाहिलं आणि कुणीही काढला असता तोच अर्थ काढला. रुपरावांना बायकोच्या चालीचा संशय आलाय. त्यांनी तो गल्लीला सांगितला, आणि देवकीच्या माहेरगावी, खाप्याला जाणाऱ्या एका माणसाकरवी तिच्या थोरल्या भावाला, नत्थूजींनाही कळवला.

नत्थूजी पहिल्या मोटारीनं आले. आडमाप शेतकरी माणूस. चपला न काढताच ओसरीवर चढले.

"भाऊजी, माया बहिणीत काय खोट दिसली तुमाले?"

"खोट नाही हो," रुपराव चाचरले. "तिच्यावर नजर ठेवा, असं छापून आलं."

"छापून आलं? पेपरात?" नत्थूजी मटकन खाली बसले.

रुपरावांनी घाईघाईनं मासिक पुढं केलं आणि तांदळातल्या विहिरीचं सांगितलं. नत्थूजींनी ओळीखाली बोट धरून लेख वाचला. पलीकडे तांदूळ निवडत बसलेल्या बहिणीकडे पाहिलं, तिच्या परातीकडे पाहिलं.

"काहून वं देवके, तांदळात विहीर काढत राहतं काय तू?"

देवकीला आधी काही उमजेना. मग तिनं परात ओढली आणि बोट फिरवलं.

"हे? गोल पसरले का खडा दिसते. अन् रेघ ओढली का निवडलेले इकडं, राहिलेले तिकडं. आपली माय बी अशीच निवडे."

नत्थूजी गदगदून हसले आणि विहिरीवरचा पाटा उचलायला उठले. रुपरावांनीही हसून घेतलं. कपाळाला घाम होता तो पुसला. देवकी मात्र हसली नाही. तिनं एक खडा वेचून बाजूला ठेवला.

"विहिरीपाशी मी एकडाव गेली होती," ती म्हणाली. "पोर गेली, त्या साली."

नत्थूजी पायरीवरच थबकले.

"मग?" रुपरावांनी विचारलं.

"मग काय? तुम्ही आतून वरडून राहिले होते, बनियान सापडत नाही म्हणून. म्हटलं, तेवढी देऊन येऊ. आत आली, तं दूधवाला आला. मग सैपाकाची वेळ झाली."

रुपरावांना तिला पुष्कळ काही सांगायचं होतं, इतक्या वर्षांचं साचलेलं. शेवटी बाहेर पडलं ते एवढंच,

"मग... सापडली होती काय बनियान?"

"तुमच्या आंगातच होती," देवकी म्हणाली, आणि राहिलेले तांदूळ निवडू लागली.