शेलारतात्या आणि साडेनऊचा बॅकअप

आमचे शेजारी शेलारतात्या अनोळखी माणसांच्या दारात जाऊन सांगतात, "तुमच्या वेबसाइटचा बॅकअप उघड्यावर पडलाय." त्यासाठी श्रीरामपूरहून कोल्हारला जातात. पंचाहत्तरी उलटल्यापासून एसटी फुकट, म्हणून एकदा मिरजगावलाही जाऊन आले.

तात्या साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागातून रिटायर झाले, पण डोकं तिथंच राहिलं. वेबसाइटची नक्कल, म्हणजे बॅकअप, काढून ठेवणारं एक जोड-सॉफ्टवेअर असतं, प्लगिन. ते जुनं झालं, की त्यातल्या भोकातून कुणालाही आत डोकावता येतं. अशी भोकं हुडकायचा तात्यांना नाद. आधी फोन करायचे, पण लोक ओटीपी मागणारा भामटा समजून शिव्या घालायचे. "म्हनून समक्ष जातो. चहा तरी मिळतो." कोल्हारच्या एका नर्सरीवाल्यानं खूश होऊन आंब्याची चार कलमं दिली. ती आमच्या गच्चीवर आहेत. मला कुणी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात मात्र ते माझ्याकडे येऊन बराच वेळ चष्माच पुसत बसले. मग म्हणाले, "मेन रोडच्या चष्म्याच्या दुकानात तेवढं तुमी सांगा. माझं नाव घेऊ नका."

दुकान त्यांच्या मुलाचं, सुहासचं. त्याच्या लग्नावरून बिनसलं, तेव्हापासून चार वर्षं बोलणं बंद.

"कधीपासून ठाऊक आहे?" मी विचारलं.

"वर्ष झालं. दुकान उघडलं की तो बॅकअपचं बटन दाबतो. त्या भोकातनं बॅकअपची यादी दिसती, तिच्यात वेळ असती. साडेनऊ दिसलं की पोरगं बरं हाय. एकदा तीन दिस कायच न्हवतं, लई घाबरलो हुतो. फाईल कधी उघडली न्हाई, नुसती वेळ बघायचो. पन गिऱ्हाइकांचे फोन नंबर हायेत त्यात. दुसरा कुनी शिरला तर पोराच्या अंगावर येईल."

मला त्यांचा रागही आला आणि कीवही. साऱ्या जिल्ह्याला सावध करणारा माणूस वर्षभर हे एक भोक जपून बसला होता.

मी जाऊन सांगितलं. सुहासनं तिथल्या तिथं प्लगिन अपडेट केलं. कुणी शोधलं ते विचारलं नाही. संध्याकाळी तात्यांनी मोबाईल दाखवला. यादी दिसत नव्हती. "झ्याक काम झालं," म्हणाले, पण मोबाईल काही खिशात ठेवेनात.

आता मी भाजीला जाताना मेन रोडनं वळसा घेतो आणि तात्यांना फोन लावतो. "आलाय दुकानात." पहिले काही दिवस ते नुसतं "व्हय" म्हणून फोन ठेवायचे. आज थांबले, आणि हळूच विचारलं, "वाळलाय का वो?"