परबअप्पांना आलेलं रिफंडचं पत्र

लालबागच्या आमच्या चाळीत परबअप्पांच्या दाराला बेल आहे, पण नुसती बेल वाजवून दार उघडत नाही. आधी आतून विचारणा होते, "कोण ता?" मग नाव सांगायचं, काम सांगायचं. मी शेजारची, रोज त्यांना आमटी नेऊन देते, तरी माझी सुटका नाही. शिवडीच्या एका गोदामाच्या गेटवर त्यांनी हयातभर वॉचमनकी केली. "आधी ओळख, मगे आत." एकदा सख्खा जावई दिवाळीचा फराळ घेऊन बाहेर ताटकळला, कारण त्यानं नुसतं "मी" म्हटलं होतं.

मोबाइलवर लॉटरीचा नाहीतर वीज तोडण्याचा मेसेज आला की चाळ अप्पांकडे धावते. अप्पा फोन लांब धरून वाचतात आणि निकाल देतात, "चोर."

गेल्या महिन्यात भरदुपारी हेच अप्पा माझ्या दारात आले. हातात चालू फोन. "हे आकडे वाच गो. चष्मा मिळत नाय." पलीकडून एक मुलगी गोड आवाजात ओटीपी मागत होती.

माझ्या हातातली परात खाली पडली. मी आधी फोन कट केला. अप्पांच्या खिशात पोस्टानं आलेलं पत्र होतं. वर सिंहांचा शिक्का, खाली कुणाचा तरी मोबाइल नंबर. सुलोचना परब यांचा इन्कम टॅक्सचा रिफंड मंजूर झालाय, ताबडतोब फोन करा. अप्पांनी फोन केला होता. खात्याचा नंबर दिला होता. चष्मा नाही म्हणून एटीएम कार्डावरचे उठावाचे आकडे बोटानं चाचपून सांगितले होते!

पासबुकावरच्या नंबरला फोन करून मी कार्ड बंद करून घेतलं. पेन्शन वाचली. रिफंड असलाच तर थेट खात्यात जमा होतो, त्यासाठी कुणी ओटीपी मागत नाही, हे चाळीला अप्पांनीच शिकवलेलं.

"अप्पा, सुलोचनाकाकूंनी जन्मात टॅक्स भरला नाही. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. हे पत्र चोराचं, तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं. पत्र बघूनच कळलं."

"मग फोन कशाला केलात?"

"झापायला केलेला." अप्पा अंगठ्यानं फोनची काच पुसत राहिले. "पण त्या पोरीनं विचारलं, सुलोचनाबाई घरात आहेत का? इतक्या दिवसांत तसं कोणी विचारलं नव्हतं गो. मी सांगितलं, आहे, आत चाय करतेय. मग ती विचारेल ते सांगत गेलो. नायतर तिनं फोन ठेवला असता."