उकंडराव टेलर इंग्रजी सिनेमा सांगतात

उकंडराव टेलरना इंग्रजी अजिबात येत नव्हतं. आणि आमच्या कळंबला तंबूत जो जो इंग्रजी सिनेमा येई, तो तो उकंडरावच लोकांना सांगत. त्याच गावच्या हायस्कुलात मी इंग्रजी शिकवत होतो. मला कधी कोणी विचारलं नाही.

ही साठ-एकसष्टची गोष्ट. बाजाराच्या मैदानावर तंबू लागायचा. मधोमध कनात, इकडे माणसं, तिकडे बाया. मागे जनरेटर घरघरत असे. सिनेमा इंग्रजी असला की तंबूवाला सेठ त्याचा आवाज अगदी बारीक करून टाकी आणि पडद्याशेजारी स्टुलावर उकंडराव चढत. हातात पत्र्याचा भोंगा. पडद्यावरच्या साहेबानं तोंड उघडलं की यांनीही उघडायचं. साहेबानं मिटलं, तरी यांचं बरेचदा उघडंच राही. मग साहेब मुकाट्यानं चहा पितोय आणि त्याच्या पोटातलं सगळं बाहेर येतंय, असा प्रकार चाले. लोक खूष!

त्यांचं इंग्रजी म्हणजे कॉलर, कफ, बटन, पॉकेट, लायनिंग आणि ट्रायल. एवढ्या भांडवलावर माणूस दीड तास लंडन चालवायचा. चुकून पडद्यावर कोणी 'पॉकेट' म्हणालाच, तर भोंगा खाली करून माझ्याकडे बघत. "आलं का नाई, मास्तर?" कपाळ माझं!

गंमत म्हणजे हाच माणूस दिवसभर तोंडातून ब्र काढत नसे. आमची घरं भिंतीला भिंत लागून. पुढच्या खोलीत त्यांचं दुकान. तोंडात टाचण्या धरून मशीन चालवत बसायचे. माप घ्यायलासुद्धा बोलत नसत. मानेनं सांगत, हात वर करा, हात खाली करा. बायको जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. घरात ते आणि मुलगी वच्छला. भिंतीपलीकडून मला दिवसाला दोनच वाक्यं ऐकू येत. "बाबा, जेवता?" आणि "हव."

सिनेमा सांगायची त्यांची रीत शिंप्याची होती. "थोबाड नोका पाहू, शिलाई पाहा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ज्याच्या कोटाला खांद्यात झोल तो बदमाश. ज्याच्या पॅन्टची इस्त्री मोडत नाही तो पोलीस. बाईच्या झग्याला गळा मोठा असला, तर कनातीपलीकडे बाया आहेत म्हणून ते एवढंच सांगत, "या बाईचा कपडा कमी पडला."

त्या वर्षी काय झालं, वच्छलाचं लग्न झालं. जावई महादेव, चांगला कामाचा पोरगा. त्याला पुसदला कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरी लागली. खोली घेतली, चूल मांडली आणि ही बाई संक्रांतीला म्हणून माहेरी आली ती आलीच. परत जायचं नाव काढीना. भांडण नाही, तंटा नाही. आमच्या मंडळींना तिनं विहिरीवर सांगितलं, "बाबाले भाकर कोन करून देईन? मी गेली तर मानूस दिवसभर बोलनारबी नाई कोनाशी."

महादेव रजा काढून आला. कळंबला चुलतभावाकडे उतरला. सासऱ्याकडे येऊन चहा प्यायला, कपाची कड पुसली, वच्छलाकडे पाहिलं, वच्छलानं चुलीकडे पाहिलं आणि उकंडरावांनी मशीन चालवलं. झालं बोलणं! दोघं मानी. रजा संपायच्या आत ती आपणहून उठली तर ठीक, नाहीतर हा पुन्हा यायचा नाही, हे अख्ख्या आळीला दिसत होतं.

मी दुकानात जाऊन सरळ म्हणालो, "उकंडराव, पोरीला सांगा ना, जा म्हणून."

त्यांनी एकेक टाचणी तोंडातून काढली. "बापानं पोरीले घरातून जाय म्हनाव? कसं म्हनाव, मास्तर? तोंडातून निंगत नाई." आणि टाचण्या परत तोंडात.

अशात तंबू लागला. देवादिकांचा सिनेमा यायचा होता. लोक नारळ घेऊन बसले होते. पण रिळांची पेटी उघडली तर आत निघाला इंग्रज हेरांचा सिनेमा. खरी पेटी कुठे अडकली कोणाला ठाऊक. ती येईपर्यंत रोज हाच दाखवायचा, असं सेठनं ठरवलं.

पोस्टरवर लिहिलं होतं की ही गोष्ट आधी लंडनात टेलिव्हिजनवर गाजली होती. टेलिव्हिजन म्हणजे काय, हे उकंडरावांनी भोंग्यातून खुलासेवार सांगितलं. "लंडनले घरोघरी एक पेटी असते. त्यात सिनेमा येते." कोणी विश्वास ठेवला नाही. घरात सिनेमा येत असेल तर माणूस तिकीट कशाला काढील, असं सेठच म्हणाला, आणि धंद्यातला माणूस म्हणून त्याचं लोकांना पटलं.

सिनेमा मात्र असा फाटका की विचारू नका. टेलिव्हिजनवर आठवडेच्या आठवडे चाललेली गोष्ट यात कोंबलेली, त्यामुळे दर दहा मिनिटांनी कोणीतरी कठड्याला लोंबकळायचं, आणि माणसाचं नाव कळायच्या आत त्याचा मुडदा पडायचा. जिना एकच. त्यावर फुलदाणी ठेवली की तो मंत्र्याचा बंगला, फुलदाणी उचलली की गुंडांचा अड्डा. बाकी सगळीकडे धुकं. खर्च झाकायला धुक्यासारखं स्वस्त काही नाही, हे मला तेव्हा कळलं.

आणि कोट! चौकटीचा एक ओव्हरकोट हेराच्या अंगावर, थोड्या वेळानं तोच बदमाशाच्या अंगावर. कंपनीकडे दुसरा नसावा. हे माझ्या लक्षातही आलं नसतं. उकंडराव स्टुलावरून ओरडले, "पाहा पाहा! डाव्या काखेत उसवला हाय! मघा त्या पोट्ट्याच्या अंगावर हाच होता!"

लोक कोटाची काख शोधू लागले.

"हे दोघं सख्खे भाऊ हायत," उकंडरावांनी निकाल दिला. "घरात कोट एकच. ज्याले बाहेर जायचं असते तो घालते. दोघं एका वक्ती कोटात दिसले काय तुमाले? नाई ना? मंग!"

मागून कोणीतरी शंका काढली, "साहेबाच्या घरी एकच कोट कसा काय?"

"अबे, हिंदुस्थान गेला ना हातचा! आता कुठून आनतील दोन कोट?"

हे इतकं बिनतोड होतं की त्या क्षणापासून कळंबपुरता तो सिनेमा दोन भावांचा झाला. मध्यंतरात मी त्यांना गाठलं. म्हटलं, "उकंडराव, ते भाऊ नाहीत हो, वैरी आहेत."

"मास्तर," ते बिडी झटकत म्हणाले, "भाऊ अन् वैरी हे अलग अलग तुमच्या शाळेत असतील."

त्या सिनेमात एक म्हातारा शास्त्रज्ञ होता आणि त्याची तरुण मुलगी. हेराचं तिच्यावर मन बसतं. म्हाताऱ्याच्या बाहीचं बटन तुटलेलं होतं. उकंडरावांनी ते पाहिलं आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "याची बायको मेली हाय," ते म्हणाले. इंग्रजीत तसं कोणीही म्हटलं नव्हतं.

शेवटी विमानतळ. म्हणजे एक कुंपण आणि धुकं. हेर मुलीला सोबत चल म्हणतो. मुलगी म्हणते, मी वडिलांना सोडून येणार नाही. विमान उडतं, ती कुंपणाशी राहते, सिनेमा संपतो. विमान गेलं आणि मुलगी राहिली, हे तर डोळ्यांना दिसत होतं, म्हणून उकंडरावांनीही पहिल्या दिवशी सांगितलं, "पोरगी म्हनून राह्यली का बापाले टाकून मी येत नाई." जन्मात पहिल्यांदा त्यांचं इंग्रजी बरोबर आलं आणि नेमकं नको तिथे आलं. कनातीपलीकडे बाया मुसमुसल्या. आमच्या मंडळी घरी येऊन म्हणाल्या, "वच्छला लई रडली हो. म्हणाली, पाहा, साहेबाची पोरगीबी जात नाही."

झालं! महादेव इकडच्या बाजूला बसून रोज तो सिनेमा पाही, आणि रोज त्याचं तोंड जास्त उतरलेलं. वच्छला रोज तिकडे बसे, आणि रोज जास्त पक्की होई. देवाची पेटी येईना.

महादेवची रजा संपली. सकाळच्या मोटारीनं तो जाणार होता. त्या संध्याकाळचा खेळ मी जन्मात विसरणार नाही.

उकंडराव स्टुलावर चढले ते न बोलता. हेर आले, बदमाश आले, मुडदे पडले, हा माणूस गप्प. लोक खाकरू लागले. सेठ मागून हातवारे करू लागला. मग शास्त्रज्ञ मुलीला समोर बसवून बोलतो तो प्रसंग आला. म्हातारा तिथे रॉकेटमध्ये कोणतं तेल किती घालायचं ते समजावून सांगतो. रोज अगदी पुढे बसून मी शब्दन् शब्द ऐकला होता. उकंडरावांनी भोंगा उचलला.

"बाप म्हनून राह्यला," ते म्हणाले, "पोरी, मले भाकर करता येते. वाकडी येते, पन येते. तू गेली तर मले गमनार नाई, हे खरं हाय. खोटं कायले बोलू? पन तू अठी बसून राह्यली, तर मले रोज वाटते का म्याच तुले बांधून ठेवलं. तुही माय असती, तर तिनं तुले कवाच धाडून देल्लं असतं. मले धाडता येत नाई. तूच जाय, माय."

पडद्यावर म्हातारा फळ्यावर आकडे लिहीत होता.

मग विमानतळ. मुलीनं मान हलवली. "येतो म्हनते!" उकंडराव ओरडले.

आता लोक उसळले. रोज पाहिलेला सिनेमा तो! "अबे, काल तर नाई म्हने!"

"काल नाई म्हने. आज हव म्हनते!"

"अन् इमान तर गेलं! पोरगी अठीच उभी हाय!"

"सामान बांधाचं हाय तिले," उकंडराव म्हणाले. "मागून येते त्या इमानानं जाते."

हशा पिकला. तेवढ्यात एक जण उभा राहून म्हणाला, "हे काई खरं नाई. मास्तरले इचारा! मास्तरले इंग्रजी येते!"

आणि सगळा तंबू माझ्याकडे वळला. इतकी वर्षं मी ज्या दिवसाची वाट पाहत होतो, तो हा दिवस. महादेव माझ्याकडे पाहत होता. माझे मॅट्रिकचे पोट्टे पाहत होते. स्टुलावरून उकंडराव पाहत होते, आणि त्यांच्याकडे मला बघवेना.

मी उठलो. "लंडनचं इंग्रजी निराळं असतं," मी म्हणालो. "ते आपल्याला येत नाही बुवा. उकंडराव म्हणतात तेच बरोबर असेल."

पोट्टे असे हसले म्हणता! पुढे सगळी वर्षं वर्गात मी व्याकरण काढलं की मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणायचं, "सर, हे लंडनचं का कळंबचं?"

पहाटे वच्छला आमच्या ओट्यावर आली. ट्रंक भरली होती. मला म्हणाली, "सर, बाबाले वाटते मले समजलं नाई. घरात नाई बोलत अन् साऱ्या गावासमोर बोलतेत." डोळे पुसून हसली. "जातो मी. नाई गेली तर आज पुन्हा बोलतीन."

मोटारस्टँडवर आम्ही तिघं गेलो. महादेव आधीच येऊन बसला होता. वच्छलाला पाहून तो उठला, ट्रंक उचलून टपावर चढला आणि ती नको इतक्या दोऱ्यांनी बांधत बसला. उकंडरावांच्या तोंडात टाचण्या नव्हत्या, तरी ते गप्पच. वच्छला खिडकीत बसली. गाडी सुरू झाली, इंजिन भडाभडा वाजू लागलं आणि नेमकं तेव्हाच तिनं बाहेर वाकून बापाला काहीतरी सांगितलं. ओठ हलले. चांगलं लांबलचक बोलली. उकंडराव गाडीबरोबर चार पावलं धावले. गाडी यवतमाळच्या रस्त्याला लागली आणि धूळ उडाली.

ते परत आले. "काय म्हनाली, मास्तर?"

मला काही ऐकू आलं नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. आयुष्यभर परक्या लोकांच्या ओठांतून गोष्टी काढणारा हा माणूस. पोटच्या पोरीच्या ओठांतून त्याला एक शब्द काढता येत नव्हता.

"म्हणाली," मी म्हणालो, "बाबा, पोळ्याला येईन."

उकंडरावांनी रस्त्याकडे बघितलं. मग मान हलवली.

"नाई, मास्तर. तोंड तसं नोतं हालत."

मी ओशाळलो. आम्ही घराकडे वळलो. बाजाराच्या कोपऱ्यावर ते थांबले आणि माझी बाही धरली.

"मंग?" ते म्हणाले. "आनखी काय म्हनाली?"