हार्लनने पुसलेली नावं

"दहा मिनिटं द्या बाई. गुन्हेगाराचं नाव तुमच्या टेबलावर आणून ठेवतो!" हार्लन प्रुइट छाती फुगवून म्हणाला. आमच्या विभागप्रमुख केसलरबाईंनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

फेब्रुवारीतला शुक्रवार होता. मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या जुन्या लोकर गिरणीत आता कॉम्प्युटर बनायचे, आणि ते कुणी घेत नव्हतं. पाच वाजता कामावरून काढायच्या लोकांची यादी लागणार होती. त्यात नवं मशीन सकाळपासून तीनदा कोसळलं, तेही गिऱ्हाइकासमोर! चूक ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातच कुठेतरी होती. ज्याची चूक, त्याचं नाव यादीत, असं बाईंनी जाहीर करून टाकलं होतं.

मशीन मेलं की मेमरीतल्या कुठल्या पत्त्यावर मेलं, तो आकडा मागे उरतो. तो आकडा हार्लनने स्वतः लिहिलेल्या डीबगरला, म्हणजे चुका शोधणाऱ्या प्रोग्रामला, द्यायचा. मग डीबगर सिंबल टेबल, म्हणजे नावं आणि पत्त्यांची यादी, चाळून त्या जागी कुणाचं काम आहे ते नावानिशी सांगायचा. अगदी पोस्टमनच. फक्त दाराला पाटी नसली, की हा पोस्टमन मागे फिरून पाटी असलेलं आधीचं घर गाठायचा आणि पत्र तिथेच टाकून मोकळा व्हायचा!

हार्लनने आकडा टाकला. पडद्यावर उमटलं: 'डिस्क_थांब, अधिक २५००'.

हार्लनने आकडा पुन्हा टाकला, उत्तर तेच. 'डिस्क_थांब' हा प्रोग्रामचा तुकडा आर्मंड थिबोडोने लिहिलेला होता. एकोणीस वर्षं हार्लन रोज आर्मंडच्या गाडीतून कामाला येत होता. आर्मंडच्या बायकोचं डायलिसिस कंपनीच्या विम्यावर चालायचं.

"मग? कोण?" केसलरबाई दारातून म्हणाल्या.

"आर्मंड," हार्लन पुटपुटला. "वाईट वाटतं बाई. पण टेबल खोटं बोलत नाही."

अर्ध्या तासाने आर्मंड खोका घेऊन आला. त्यात कॉफीचा मग आणि बायकोचा फोटो.

"जाण्याआधी माझं पाप तरी बघू दे रे!"

हार्लनने मान खाली घालून पडदा त्याच्याकडे वळवला. आर्मंडने चष्मा वर सरकवला.

"अधिक २५००? अरे गाढवा, माझं 'डिस्क_थांब' सगळं मिळून शंभर बाइटचं! शंभर पावलांच्या घरात अडीच हजार पावलं चाललं, तर माणूस दुसऱ्याच्या अंगणात पोचतो! पलीकडे कोण राहतं?"

"टेबलात पलीकडे नावच नाही."

"का नाही?"

 गेल्याच आठवड्यात टेबल मेमरीत मावेना, म्हणून हार्लनने बरीच नावं उडवली होती. दुसऱ्या कुणाची उडवली असती तर बोंब झाली असती, म्हणून स्वतःचीच उडवली. आपली घरं आपल्याला डोळे मिटून सापडतात, पाट्या कशाला! वर "निम्मं टेबल वाचवलं!" म्हणून सगळ्यांना डोनट खिलवले होते. आर्मंडने तर दोन खाल्ले होते.

हार्लनने कपाटातून कुठल्या पत्त्यावर कुणाचं काम ते दाखवणारा जुना कागदी नकाशा काढून त्यावर बोट फिरवलं. बोट थांबलं. घर त्याचंच होतं.

हार्लन जिन्यावरून धावत सुटला. त्या वयात तो धावू शकतो हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

"बाई, चूक माझी आहे! आर्मंडची नाही! त्याचं नाव काढा!"

"यादी वर गेली, प्रुइट," केसलरबाई मान न उचलता म्हणाल्या. "आता तिच्यातून नाव निघत नाही. वाढवता मात्र येतं."

"पण त्याची बायको..."

"चूक तुमची, असं म्हणालात ना? स्पेलिंग सांगा."

हार्लनने स्पेलिंग सांगितलं.

बाहेर बर्फ पडत होतं. आर्मंडची गाडी सुरू होती, आत हीटर लावलेला. हार्लन आपला खोका मांडीवर घेऊन बसला. त्याला रडू येत होतं आणि त्याने ते लपवलंही नाही.

"माझं नाव यादीतून निघालं?" आर्मंडने विचारलं.

"नाही."

"आणि तुझं?"

"आलं."

आर्मंडने वायपर फिरवून काचेवरचं बर्फ झटकलं. मग त्याने गाडी गिअरमध्ये टाकली.

"चला," तो म्हणाला, "निदान एका यादीत तरी तुझं नाव सापडलं. पट्टा लाव."