तानीसाठी डॉक्टर बघणे आहे

जनावरांच्या दवाखान्यात माणसं जनावर घेऊन जातात. आमचे शेजारी व्यंकोबराव नुसता पट्टा घेऊन जातात. पट्ट्याच्या एका टोकाला राव, दुसऱ्या टोकाला काहीही नाही. काउंटरवरची मुलगी विचारते, "सार, कुत्रं कुठाय?" राव लुंगीसारखी वेष्टी सावरून खुर्चीत बसतात आणि सांगतात, "घरी. आधी मी."

आणि मग तिथे बसून राहतात. डॉक्टरची पदवी ते वाचत नाहीत. ते बघतात आत जाणारी आणि बाहेर येणारी जनावरं. कुणाची शेपूट कशी होती, कोण दारात अडून बसलं, कोण मालकाच्या आधी बाहेर पळालं. सगळं पाहून झालं की उठतात, मुलीला हळूच काहीतरी विचारतात, नमस्कार करतात आणि दुसऱ्या दवाखान्याचा रस्ता धरतात.

मी मूळची सातारची. नवऱ्याच्या बँकेतल्या नोकरीपायी तंजावूरला आले, मेलवीदीच्या मागच्या गल्लीत. शेजारी मराठी माणूस राहतो म्हटल्यावर मला कोण आनंद! दुसऱ्याच दिवशी राव आले, झोपाळ्यावर बसले आणि मला बोलतं केलं. गाव कुठलं, आज स्वयंपाक काय केला. मी उत्साहाने सांगत सुटले. राव डोळे मिटून ऐकत होते. शेवटी माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणाले, "नवी मराठी आहे. पण चालेल."

नवी! यांचे पूर्वज मराठे राजांच्या काळात इकडे आले आणि इथलेच झाले. तेव्हाची मराठी यांच्या घरात अजून नांदते, मधेमधे तमिळ मिसळलेली. त्या हिशेबाने माझी मराठी कालची.

रावांचा जन्म सरकारी तांदळाच्या गोदामात नमुने तपासण्यात गेला. पोत्यात पोकळ सळई खुपसायची, मूठभर तांदूळ काढायचा, वास घ्यायचा, दाणा चावायचा. "नमुना पाहिल्याशिवाय पोतें उतरवायचें नाहीं" हे त्यांचं ब्रीद. निवृत्त झाले तरी हात थांबला नाही. न्हाव्याकडे गेले तर आधी दुसऱ्या गिऱ्हाइकाचे केस कापलेले बघतात. वांगं घेताना भाजीवालीच्या डोक्यावर मिरी वाटतात. बाजारात त्यांना येताना पाहिलं की तीच रावांचं तमिळ करून म्हणते, "रायर, तुम्हीच निवडा, मी चहा पिऊन येते."

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण तानीच्या पोटाला गाठ आली.

तानी म्हणजे रावांची कुत्री. गावठी, तांबूस, कानाची एक कड फाटलेली. रावांच्या बायकोने, रुक्माबाईंनी, तिला पिल्लू असताना गटारातून उचलून आणलं होतं. रुक्माबाई मी येण्याआधीच गेल्या. मुलगी चेन्नईला, मुलगा कॅनडात. नातवंडांना मराठी समजते म्हणे, पण उत्तर इंग्रजीत येतं. घरात राव आणि तानी. आणि तानीला फक्त मराठी कळते. तीही त्यांच्या घरची. मी एकदा "तानी, इकडे ये गं" म्हटलं तर तिने ढुंकूनही पाहिलं नाही. राव म्हणाले, "वाईट वाटून घेऊं नका. तिला नवी कळत नाहीं."

गाठ पहिल्यांदा ज्या डॉक्टरने पाहिली त्याने स्पष्ट सांगितलं, लवकर कापून काढा, उशीर केला तर आत पसरेल, मग उपाय नाही. त्या दिवसापासून रावांचं डॉक्टर बघणं सुरू झालं.

नव्या बसस्टँडजवळचा काचेचा दवाखाना नापास झाला. का, तर फरशी गुळगुळीत. "आंत जातांना लॅब्राडोर घसरलें. तेवढें मोठें कुत्रें घसरतें, तर तानीचें काय?" तिरुवैयारुच्या वाटेवरचे एक म्हातारे डॉक्टर, गाईगुरांत हयात घालवलेले, ते रावांना आवडले होते. पण त्यांनी एका बकरीला दटावलं. "बकरीला ओरडून काय उपयोग हो? ती काय मुद्दाम आजारी पडली?" मग कळलं की एक तरुण डॉक्टर महाराष्ट्रात शिकून आलाय, मराठी बोलतो. तिथे मात्र राव तानीला घेऊन गेले. डॉक्टर प्रेमाने म्हणाला, "काय तानूबाई, घाबरलात का?" तानी खुर्चीखाली शिरली ती ओढूनच काढावी लागली. राव घरी येऊन एवढंच म्हणाले, "नवी."

इकडे गाठ लिंबाएवढी होती ती पेरूएवढी झाली. मला रोज ती दिसायची आणि माझं डोकं फिरायचं. मी म्हटलं, "अहो राव, डॉक्टर बघताय की जावई?"

"जावई मीं इतका नाहीं पाहिला," राव म्हणाले. "म्हणून तर."

एका सकाळी तानीने ताटलीकडे पाहिलंसुद्धा नाही. मग मात्र मी नवऱ्याचीही वाट पाहिली नाही, ऑटो बोलावली आणि रावांच्या दारात उभी राहिले. म्हटलं, "बास झालं आता. कुठल्याही डॉक्टरकडे चला. तुमच्या या निवडण्यात ती मरेल!"

असं तोंडावर कुणी त्यांना बोललं नसावं. राव पायरीवर बसले. तानीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "सगळीकडे मीं एकच विचारलें. आंत येऊं द्याल? सगळे म्हणतात, तुम्ही बाहेर बसा. ही आंत जाईल. कोणी अनोळखी माणूस धरेल, बोलेल, तिला एक अक्षर कळणार नाहीं. आणि त्यांतच कांहीं झालें तर? रुक्मेसही आंत नेलें होतें. मी बाहेरच होतों."

मी तानीला उचलून ऑटोत ठेवलं. राव मुकाट्याने शेजारी बसले.

वल्लमच्या रस्त्याला एक डॉक्टरीणबाई होती, मलर नावाची. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत दवाखाना. रावांनी तिचा नमुना पाहिलेला नव्हता. आमच्या दूधवाल्याने एकदा नाव घेतलं होतं म्हणून मी ऑटो तिथे नेली. तिने तानीला तपासलं, रक्त तपासलं, एक्स-रे काढला आणि म्हणाली, आत पसरलेलं दिसत नाही, आजच कापू. रावांनी खोल गेलेल्या आवाजात आपला प्रश्न विचारला.

"या की," ती तमिळमध्ये म्हणाली. "हात धुवा. तिला झोप लागेपर्यंत बोलत बसा. पुढे मात्र बाहेर." मग थोडं थांबून म्हणाली, "शुद्धीवर येताना मी असेन. तेव्हा काय म्हणू? मला शिकवा."

राव तिच्याकडे बघतच राहिले. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तान्ये, ऊठ गे. भात निवतो. त्यांस बोलाव."

मला अर्थ लागला. राव सांगायचे, रुक्माबाई जुन्या वळणाच्या, नवऱ्याचं नाव घेणाऱ्या नव्हत्या. पानं वाढली की त्या तानीला पाठवत असणार रावांना बोलवायला. मलर डॉक्टरला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. तिने विचारलं, "एवढं सगळं म्हणायचं? नुसतं ऊठ नाही चालणार?"

"सगळें म्हणा," राव म्हणाले. "अर्धें म्हटलें तर ती उठत नाहीं."

डॉक्टरीणबाई कोपरापर्यंत हात धूत पाठ करत होती. "तान्ये, ऊट गे, बात निवतो." तमिळ जिभेला आपले ठ आणि भ कुठले जमायला! राव चुका काढतील म्हणून मी वाट पाहत होते. त्यांनी एकही काढली नाही.

राव आत गेले, तानीला झोप लागेपर्यंत तिच्याशी बोलत बसले, मग आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर. आतून अवजारांचा बारीक आवाज येत होता. माझा जीव टांगणीला लागला होता. कारण इथे तिला मीच आणलं होतं, नमुना न पाहता.

बऱ्याच वेळाने दार किलकिलं झालं. मदतनीस बाई ट्रे घेऊन बाहेर आली आणि दार तसंच उघडं राहिलं. आतून मलर डॉक्टरचा आवाज आला, हळू, खाली वाकून बोलल्यासारखा.

"तान्ये, ऊट गे. बात निवतो."

काही नाही. पुन्हा तेच. मग शेपूट टेबलाच्या पत्र्यावर आपटल्याचा आवाज. एकदा, आणि परत. मी आनंदाने रावांचा हात धरला. तो गार पडला होता.

"त्यांस बोलाव," डॉक्टर आत म्हणाली.

"आलों गे," राव बाकावरून म्हणाले, आणि डोळे पुसत उठले.