होडी वाळवण्याचा उद्योग

लाकडाचा आणि कागदाचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे ओल. हे मला कुणी शिकवायला नको! मी ग्रंथालयात काम करते. गळक्या नळाखाली भिजून पावासारखी फुगलेली पुस्तकं मी पंख्याखाली धरून, पानापानांत टीपकागद घालून पुन्हा कपाटात ताठ उभी केली आहेत. त्यामुळे बाबांच्या मागे त्यांची होडी कोण सांभाळणार, असा प्रश्न निघाला तेव्हा मी छातीठोकपणे सांगून टाकलं, "ते माझ्यावर सोडा!"

सोडलं त्यांनी. तिथेच घोळ झाला.

होडी म्हणजे दोन माणसांची, एका शिडाची, फळीवर फळी चढवून तांब्याच्या खिळ्यांनी ठोकलेली जुनी लाकडी होडी. तलावावरच्या क्लबातल्या बाकीच्या होड्या फायबरच्या, न्हाणीघरातल्या टबासारख्या गुळगुळीत. बाबा दर रविवारी त्यांच्याशी शर्यत लावत आणि दर रविवारी शेवटचे येत. "शेवटी येणाऱ्यालाच तलाव नीट बघायला मिळतो," असं वर सांगत! आई त्या होडीला सवत म्हणायची. "मला वर्षाला एक चपलेचा जोड, आणि हिला वॉर्निशचे तीन हात!"

बाबा गेले, आणि आईने एक विचित्र गोष्ट सुरू केली. रोज सकाळी न्हाणीघरातली बादली भरायची, मागच्या अंगणात न्यायची आणि होडीवर ओतायची. हळूहळू, पुढच्या नाळेपासून मागच्या शेपटापर्यंत, तोंडाने काहीतरी पुटपुटत. आतल्या गोणपाटांवर आणखी थोडं पाणी. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत असायचे. दुःखावर मी बरंच वाचलं आहे. मागे राहिलेली माणसं काय काय करतात, तेही वाचलं आहे. मी दादाला फोन केला.

"दादा, आई होडीला आंघोळ घालते."

"कुणाला?"

"होडीला. रोज."

"सवतीला?"

"सवतीला!"

मग तो म्हणाला, "विरोध करू नकोस. मी समुपदेशक बघतो."

पण मला राहवेना. आई सवतीला आंघोळ घालते हे एक वेळ ठीक, पण बाबांची होडी कुजेल त्याचं काय! एके सकाळी मी अगदी हळुवारपणे तिच्या हातातली बादली काढून घेतली. "आई, आता पुरे."

ती माझ्याकडे बघत राहिली. "बरं," म्हणाली. इतकंच. मला वाटलं, काय सुंदर हाताळलं मी!

मग मी कामाला लागले. गोणपाटं फेकून दिली. होडीच्या दोन बाजूंना दोन टेबलफॅन लावले. आत वर्तमानपत्रं अंथरली, रोज बदलली. ऊन फिरेल तशी होडी फिरवली. महिनाभरात ती खाकऱ्यासारखी खडखडीत झाली! टिचकी मारली की टणटण वाजायची. एका दुपारी तर फळ्यांच्या मधून उन्हाच्या बारीक सळया आत उतरलेल्या दिसल्या. इतकं देखणं दृश्य! मी आईला हाक मारली.

"बघ, किती कोरडी झालीय! ऊन आरपार येतंय!"

"दिसतंय," आई म्हणाली आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं. रडत असेल बिचारी, असं मला वाटलं.

पुढच्याच आठवड्यात दादा एका हॉटेलवाल्यांना घेऊन आला. त्यांच्या हातात मोजपट्टी.

"मधोमध कापली की दोन मांडण्या होतात," हॉटेलवाले म्हणाले. "एकीत पेले, एकीत बाटल्या. छान दिसेल!" आणि खाटकाने बोकडाची पाठ थोपटावी तशी त्यांनी होडी थोपटली.

"दादा, हे काय चाललंय?"

"या होडीने तुम्हा दोघींना वेड लावलंय," दादा घाम पुसत म्हणाला. "डोळ्यांसमोरून गेली की बऱ्या व्हाल."

दोघींना? मला कसलं वेड? माझं डोकंच फिरलं! "ही शर्यतीची होडी आहे! या रविवारी शर्यतीत उतरणार आहे!"

"चालवणार कोण?"

"मी!"

"पूर्ण करशील शर्यत?"

"करून दाखवीन!"

"केलीस तर होडी इथेच. नाही केलीस तर सोमवारी यांचा टेम्पो."

"मान्य!"

शिडाच्या होडीबद्दल छापलेलं सगळं मी वाचलेलं होतं. बाबांबरोबर बसलेही होते. सुकाणू तेवढं हातात घेतलेलं नव्हतं. पण होडीत दोघं लागतात. दुसरं कोण?

"मी येते," दारातून आई म्हणाली.

रविवारी आई धक्क्यावर आली ती न्हाणीघरातली बादली घेऊन. निळी, प्लास्टिकची, मोठी. सगळा क्लब बघत होता.

"आई, बादली कशाला?"

"असू दे."

पुन्हा सुरू झालं, मी मनात म्हटलं. पण विरोध करायचा नसतो. बादलीसकट तिला बसवलं.

क्लबाचे चिटणीस म्हणजे आमचे दातांचे डॉक्टर. त्यांनी शिट्टी फुंकली. टब सुटले. आम्हीही सुटलो! वारा शिडात भरला, होडी अशी झुकली की मला वाटलं, आपण जन्मजात खलाशी आहोत. पहिल्या तरंगत्या बोयाला वळसा घालेपर्यंत मी भाषणसुद्धा तयार केलं होतं.

मग टाचा गार पडल्या.

"आई, बादलीतलं पाणी सांडलंस का?"

"बादली रिकामी आहे."

मी खाली बघितलं. जिथून जिथून ऊन आत आलं होतं तिथून तिथून तलाव आत येत होता! शिस्तीत, रांगेत, झारीतून यावा तसा.

"उपस!" आई ओरडली. नाही, ओरडलीही नाही. भांडी घास म्हणावं तसं म्हणाली आणि स्वतःच बादली चालवायला लागली.

"हे काय होतंय?"

"अगं, लाकूड वाळलं की आकसतं! ओलं असलं की फळ्या फुगून एकमेकींना धरून ठेवतात. म्हणून तर तुझे बाबा रोज पहाटे, तू उठायच्या आत, बादली ओतायचे. ते गेल्यावर मी ओतत होते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? तू माझ्या हातातली बादली काढून घेतलीस! होडीला पंखे लावलेस! तिच्यात पेपर अंथरलेस! मला वाटलं, बापाच्या दुःखाने पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. दादाला फोन केला. तो म्हणाला, विरोध करू नकोस."

"मलाही तेच म्हणाला! तुझ्याबद्दल!"

आईची बादली क्षणभर हवेत थांबली. मग आम्ही दोघींनी किनाऱ्यावर उभ्या असलेल्या त्या शहाण्या माणसाकडे बघितलं. तो हात हलवत होता.

"मग आज आलीस कशाला? बुडायला?"

"तू एकटी बुडली असतीस," आई म्हणाली आणि पाणी उपसू लागली.

दुसऱ्या बोयापाशी होडी काठोकाठ भरली आणि अतिशय सभ्यपणे गाळात जाऊन बसली. पाणी कमरेएवढं. वर डोलकाठी, शीड, आम्ही दोघी आणि बादली.

दादा पँट न दुमडता पाण्यात शिरला. "आई! थांब, आलो! धरतो होडी!"

"हात लावू नकोस!" आई किंचाळली. "बाहेरची मदत घेतली की बाद करतात!"

तोवर दातांचे डॉक्टर मोटारबोटीतून आले. "काकू, शर्यत सोडली म्हणून लिहू ना?"

"का?"

"अहो, होडी बुडालीय!"

"बुडालीय. शर्यत सोडलेली नाही. वेळेची मर्यादा किती आहे?"

डॉक्टरांचा चेहरा पडला. रुग्णाच्या तोंडात आपलीच सुई अडकावी तसा. "मर्यादा... नाहीये. होती. पण काका दरवेळी तिच्याबाहेर जायचे. सगळ्यांनाच वाईट वाटायचं. म्हणून आम्ही ती काढून टाकली."

मी शिडाकडे बघत राहिले. त्यावर बाबांनी घातलेलं एक वेडंवाकडं ठिगळ होतं.

"निकाल काय मग?" पाण्यात उभ्या दादाने विचारलं.

"निकाल नाही," डॉक्टर सुस्कारा टाकून म्हणाले. "शर्यत चालू आहे."

शर्यत सोमवारी चालू होती. मंगळवारीही. टेम्पो आला तो रिकामाच परत गेला. होडी गाळात निवांत पाणी पीत बसलेली. बुधवारी आई म्हणाली, "झाली असेल आता." आम्ही दोघी कमरेएवढ्या पाण्यात उतरलो, रेटून रेटून तिचा काठ पाण्यावर आणला आणि बादली बादली करून ती रिकामी केली. नंतर आत बघितलं. एक थेंब नाही! फळ्या अशा घट्ट की त्यांच्यात टीपकागदही गेला नसता.

अर्धी शर्यत उरली होती. वारा बेताचाच. बऱ्याच वेळाने मी विचारलं, "आई, पाणी ओतताना काय पुटपुटायचीस?"

"शिव्या द्यायचे. म्हटलं, तो गेला आणि तू कशी राहिलीस?"

एवढं बोलून तिने शिडाची दोरी थोडी सैल सोडली. तलाव मात्र नीट बघायला मिळाला.

धक्क्यावर डॉक्टर एका रुग्णाची दाढ अर्धवट भरून शिट्टी घेऊन धावत आले होते. हॉटेलवालेही आले होते आणि कुणाहीपेक्षा जोरात टाळ्या वाजवत होते. शिट्टी वाजली. आमचा नंबर शेवटचा. वेळेच्या रकान्यात किती दिवस लिहायचे यावर डॉक्टर थोडे अडले. दादाने शब्द पाळला आणि होडी अंगणात परत आली. गोणपाटं मी स्वतः नवी आणली.

गेल्या रविवारी दादा मुक्कामाला होता. सकाळी मी खिडकीतून बघते तर तो अंगणात! हातात निळी बादली. हळूहळू, नाळेपासून शेपटापर्यंत पाणी ओततोय आणि तोंडाने काहीतरी पुटपुटतोय.

मी आईला हाक मारली. दोघी खिडकीशी उभ्या राहिलो.

"टोकू का?" मी विचारलं.

"विरोध करू नकोस," आई म्हणाली.

त्याने आम्हा दोघींसाठी समुपदेशक बाईंची जी वेळ घेऊन ठेवली होती, ती आम्ही रद्द केलेली नाही. त्याच्या नावावर करून दिली आहे.